घराच्या पहिल्या रकमेबद्दल लेकीस पत्र

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हिशेबाचा तक्ता मी दोनदा वाचला आणि तुझ्या बाबांनी एकदा, पण चष्मा पुसून पुसून. भाडे, प्रवास, किराणा, विमा, सगळे आपापल्या रकान्यात नीट मांडले आहेस. मात्र तळाशी तू दोन ओळी लिहिल्या आहेस: या गतीने पाच वर्षे लागतील, तेव्हा जमलेले सगळे शेअर बाजारात टाकावे का, की कमी पडेल तेवढे वैयक्तिक कर्ज काढून मोकळे व्हावे. त्या ओळींसाठीच हे पत्र आहे. फोनवर हा विषय निघाला की आकडे हवेत विरून जातात, म्हणून कागदावर उतरवते आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. तू सरसकट 'डिपॉझिट' म्हणतेस, पण त्या एका शब्दात तीन निरनिराळ्या रकमा आहेत. घरमालकाकडे ठेवलेली ती अनामत. तुझी आताची अनामत तू नव्या घराच्या बेरजेत धरली आहेस, ती काढून टाक, कारण नव्या घराचे पैसे आधी भरावे लागतील आणि अनामत मागाहून, तीही रंगरंगोटी व मोडतोड वजा होऊन, हाती येईल. सौदा ठरल्यावर विकणाऱ्याला देतात तो इसार. तो पुढे किमतीत वळता होतो, पण आपणच माघार घेतली तर बहुधा बुडतो. तिसरी आणि सर्वांत मोठी रक्कम म्हणजे किमतीतला आपला स्वतःचा हिस्सा, ज्याला बँकेतली माणसे मार्जिन म्हणतात आणि बाकीचे डाउन पेमेंट. उद्या हप्ते थकले आणि घर विकायची पाळी आली, तर भाव उतरलेले असतानाही आपले पैसे सुटावेत, म्हणून कर्ज देणारा सहसा पूर्ण किंमत देत नाही. 2008 च्या सुमारास अमेरिकेत स्वतःचा हिस्सा नगण्य ठेवून घर घेतलेल्या अनेक कुटुंबांच्या डोक्यावर घराच्या बाजारभावापेक्षा जास्त कर्ज उरले होते; घर विकूनही त्यांची सुटका होत नव्हती. म्हणून या हिश्श्याकडे बँकेने घातलेली अट म्हणून पाहू नकोस.

आता शेअर बाजाराचे. समज, तू दर महिन्याला एक ठरावीक हप्ता बाजूला टाकतेस आणि त्यावर दरसाल 6 टक्के व्याज मिळून ते महिन्याच्या महिन्याला मुद्दलात जमा होते. 5 वर्षांत तू 60 हप्ते भरशील आणि सुमारे 70 हप्त्यांइतकी रक्कम हाती येईल, म्हणजे व्याजाचा वाटा जेमतेम 10 हप्ते, बाकीचे सगळे तुझ्याच पगारातले. दर दुप्पट करून 12 टक्के धरला, आणि तो पाचही वर्षे न चुकता मिळाला असे मानले, तर सुमारे 82 हप्ते होतात. पण दर 6 टक्केच ठेवून तुझा मासिक हप्ता एक पंचमांशाने वाढवला तर जवळजवळ 84 होतात. हे गणित मी तीन वेळा करून पाहिले, कारण आधी माझाच विश्वास बसेना. चक्रवाढीचे जे कौतुक आपण ऐकतो ते 25-30 वर्षांच्या मुदतीचे असते. 6 टक्क्यांनी रक्कम दुप्पट व्हायला 12 वर्षे लागतात आणि तुझ्या हाती त्याच्या निम्मीही नाहीत. इतक्या थोड्या मुदतीत व्याजदराच्या मागे धावण्यापेक्षा हप्त्याकडे लक्ष दिलेले बरे, आणि हप्ता वाढवणे तुझ्या हातात आहे, बाजार नाही. शिवाय मनासारखे घर सापडेल नेमके त्याच वर्षी बाजार पडलेला असला, तर विकणारा तुझ्यासाठी दोन वर्षे थांबणार नाही, आणि निम्म्यावर आलेली रक्कम पूर्ववत व्हायला 50 नव्हे, 100 टक्के वाढ लागते. म्हातारपणासाठीचे पैसे तू शेअरमध्ये ठेवलेस तर मी एक अक्षर बोलणार नाही. घराचे पैसे मात्र मुदत ठेवीत किंवा आवर्ती ठेवीत असावेत, आणि ठेवींची मुदत घर घेण्याच्या सुमारास संपणारी असावी, म्हणजे मध्येच मोडून व्याज घालवण्याची वेळ येणार नाही.

तुझ्या तक्त्यातली एक गोष्ट मला खटकली: घराची किंमत पाचही वर्षे जागची हलत नाही. एक उदाहरण घेऊ. घराची किंमत वार्षिक मिळकतीच्या पाचपट आहे आणि आपला हिस्सा 20 टक्के आहे, तर तो बरोबर एका वर्षाच्या मिळकतीइतका झाला, आणि मिळकतीचा चौथा भाग शिलकीत टाकणाऱ्याला तो 4 वर्षांत जमतो. आता किंमत दरसाल 6 टक्क्यांनी वाढू लागली, पगार मात्र तेवढाच राहिला आणि शिल्लक बिनव्याजी पडून राहिली, तर त्याच कामाला साडेपाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. पण पगार, शिल्लक आणि किंमत तिन्ही त्याच गतीने वाढत राहिली तर पुन्हा साधारण चारच वर्षे. म्हणून पगारवाढ झाली की त्याच महिन्यापासून हप्ताही त्याच प्रमाणात वाढव, आणि पगार जमा होण्याच्या दिवशीच ती रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात वळती होऊ दे. महिनाअखेरीस उरेल ते टाकू, असे आम्ही पहिली दोन वर्षे केले आणि उरले काहीच नाही. हिस्सा 20 टक्क्यांवर पोहोचल्यावर आणखी जमवत थांबावे का, हे तू विचारले नाहीस, पण विचारशील. माझ्या मते थांबू नये; अधिक हिश्श्याने कर्ज कमी होते हे खरे, पण तोवर भाडे चालूच राहते आणि भाव पुढे गेला तर ते थांबणे महागात पडते.

वैयक्तिक कर्जाला माझा साफ विरोध आहे. त्याचा व्याजदर सामान्यतः गृहकर्जाहून चढा असतो आणि मुदत पुष्कळच कमी, त्यामुळे रक्कम लहान असूनही हप्ता जड बसतो. गृहकर्ज देताना बँक तुझे सगळे चालू हप्ते मिळकतीशी ताडून पाहते, म्हणजे हिस्सा भरायला काढलेले कर्जच मुख्य कर्जाची रक्कम कमी करून ठेवते. गृहकर्जही स्वस्त नसते बरे. दरसाल 8 टक्क्यांनी 20 वर्षांचे घेतले तर एकूण परतफेड मुद्दलाच्या जवळपास दुप्पट होते, आणि पहिल्या हप्त्यातला सुमारे 80 टक्के भाग व्याजातच जातो. तशात तुझा हिस्साही उसना असला, तर त्या घरात तुझे स्वतःचे असे काय उरेल?

आमची चूक तुला कधी सांगितली नव्हती, ती आता सांगते. आम्ही हिस्सा पै-पै करून जमवला, अगदी बरोबर जमवला, आणि त्यातच फसलो, कारण दस्तनोंदणी, सरकारी शुल्क, वकिलाची फी, कर्जाचे प्रक्रियाशुल्क आणि सामान हलवण्याचा खर्च यांपैकी एकही बाब आमच्या वहीत नव्हती. नोंदणीला आठ दिवस उरले असताना तुझ्या बाबांनी दोन परिचितांकडून हातउसने घेतले आणि ते फेडायला चौदा महिने लागले. राहायला गेल्यावर पहिल्याच पावसात भिंतीत ओल आली, तेव्हा दुरुस्तीला हातात काही नव्हते. आम्ही ते वर्ष त्या भिंतीला पलंग न टेकवता काढले. तेव्हा हिस्सा हा एक रकाना कर, हे इतर खर्च दुसऱ्या रकान्यात चौकशी करून लिही, आणि तिसऱ्यात निदान सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम ठेव, जिला घर घेतानाही हात लावायचा नाही.

आणखी एक कर. पुढे येणारा कर्जाचा हप्ता किती असेल ते काढ, त्यातून आताचे भाडे वजा कर, आणि उरलेला फरक आजपासून दरमहा बाजूला टाकू लाग, जणू काही कर्ज चालू झालेच आहे. तुझ्या आताच्या बचतीपेक्षा हा फरक मोठा असेल तर हप्ता आपसूक वाढेल. वर्षभर तो ओढाताण न होता निघाला तर तेवढे घर तुला झेपते. नाही निघाला तर एक खोली कमी असलेले घर बघायला अजून वेळ आहे, आणि हे तू कोणाचाही कागद सही न करता समजून घेतलेले असेल.

आम्ही देणार आहोत ती रक्कम तुझ्या बाबांनी वेगळ्या कागदावर लिहिली आहे. आमच्या म्हातारपणाच्या ठेवी बाजूला ठेवून जेवढे देता येईल तेवढेच ते आहे, आणि वेळ येईल तेव्हा तुझ्या भावालाही तेवढेच मिळेल. ते परत करायचे नाही. अनेक ठिकाणी कर्ज देणारी संस्था हे पैसे भेट आहेत, उसने नव्हेत, असे देणाऱ्याकडून लेखी मागते, म्हणून तसे पत्रही आम्ही सही करून देऊ. रक्कम तुझ्या खात्यात लवकर, काही महिने आधीच, जमा करू, म्हणजे ऐन वेळी ती कुठून आली याचा खुलासा करत बसावे लागणार नाही.

आमच्या जुन्या वहीची दोन पाने सोबत पाठवते आहे. दुसऱ्या पानाच्या तळाशी लाल शाईने लिहिलेल्या पाच बाबी हातउसने घेऊन आल्याच्या रात्री मी लिहिल्या होत्या. त्या तुझ्या तक्त्यात घाल आणि सुधारलेला तक्ता पाठव. बाबा विचारत आहेत की प्रवासखर्चाची बेरीज तू दोनदा धरली आहेस का.

तुझी,
आई