बारीक तार मजबूत हे ठीक, पण ती बनवली कशी तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत धातूच्या काचेच्या नॅनोतारांवर लेख आलाय, तो मी दुकानात गिऱ्हाईक नसताना दोनदा वाचला. विषय भारी आहे, पण "तार जितकी बारीक तितकी मजबूत" हे जे वर ठळक अक्षरात दिलंय ते अर्धंच आहे, म्हणून हे पत्र. मी काय सायंटिस्ट नाही हो, फिजिक्समध्ये बीएस्सी केली आणि आता हर्णै बंदराजवळ जाळी, दोर, तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) विकतो.

ही काच म्हणजे आपल्या कासार्ड्याची सिलिका वाळू जिच्यासाठी जाते ती नव्हे. वितळलेला धातू इतक्या झटक्यात गार करायचा की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही, जिथे आहेत तिथे गोठतात. 1960 मध्ये अमेरिकेत कॅल्टेक या विज्ञानसंस्थेत पोल ड्युवेझ यांच्या टीमने सोनं आणि सिलिकॉनच्या मिश्रणाची अशी काच पहिल्यांदा केली. रांगाच नाहीत त्यामुळे नेहमीच्या धातूत असतात ते कच्चे सांधेही नाहीत, म्हणून ताकद जबरदस्त, पण एकदा का ताण हद्दीबाहेर गेला की जेमतेम 10-20 नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) एका तिरक्या पट्ट्यात सगळं घसरतं आणि तार तडकन जाते, आधी वाकणं नाही की काही इशारा नाही.

तुमचा लेख ज्या प्रयोगावर आहे तो 2010 चा, कॅल्टेकच्याच डोंगचान जांग आणि ज्युलिया ग्रीअर यांचा, तो खराच आहे. 100 नॅनोमीटरच्या तारेने 2.25 गिगापास्कल ताण सोसला (साधं माइल्ड स्टील 0.25 च्या आसपासच कायमचं वाकायला लागतं) आणि वर पंचवीस टक्के लांबली, मधे बारीक होत होत. कारण असं सांगतात की तो पट्टा धावायला तारेत साठलेली ऊर्जा लागते, ती तारेच्या आकारमानावर ठरते, आणि पट्ट्याचा खर्च ठरतो क्षेत्रफळावर, मग तार बारीक झाली की जमा खर्चाला पुरत नाही.

पण त्याच 2010 सालात कॉम्प्युटरवर केलेला एक अभ्यास आला, त्यात कापून काढल्यासारखी नाही तर ओतून गार केल्यासारखी नॅनोतार बनवली होती आणि ती कितीही बारीक केली तरी पट्टा पडतोच असं निघालं! हे लेखात कुठेच नाही.

आता माझ्या दुकानातलं सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एकाच मालातली, एकाच नंबरची तंगुसाची दोन रिळं, एक आत कपाटात, एक दाराशी शो म्हणून टांगलेलं, एप्रिल-मे पूर्ण ऊन खाल्लेलं. एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, चुकून दारातलं दिलं. त्याने तिथेच बोटाला दोन वेढे घेऊन हिसका दिला आणि ते सुतळीसारखं तुटलं, मग तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी मुकाट्याने आतलं काढून दिलं. जाडी मोजली असती तर दोन्ही सारखीच भरली असती.

नॅनोतारांचंही तसंच, जाडी तीच राहून गुण बदलतो, उलट जास्तच. बरीच सॅम्पलं गॅलियम धातूच्या आयनांचा (विद्युतभार असलेल्या अणूंचा) झोत मारून कोरून काढतात, आणि त्या माऱ्याने वरची साल बिघडते. समजा 10 नॅनोमीटर साल बिघडली, तर 100 च्या तारेत आत 80 चाच गाभा उरला, म्हणजे छेदाचा 36 टक्के भाग बिघडलेलाच, मग तुम्ही मोजताय काय, बारीकपणा की तो मारा? एक मिलिमीटरच्या तारेला तेवढ्या सालीने काहीच फरक पडत नाही. पुढे प्लॅटिनमच्या काचेच्या, साच्यात दाबून काढलेल्या नॅनोतारांवर काम झालं, त्या ताणल्यावर तडकन तुटत होत्या, आणि आयनांचा मारा केल्यावर त्याच लांबायला लागल्या. जाडी तीच बरं का. माझ्या तंगुसाच्या बरोबर उलटं, तंगूस ऊन खाऊन तुटकं झालं, या तारांचा मात्र मारा खाऊन ठिसूळपणा जातो.

आणि कॉम्प्युटरवाल्यांचंही पूर्ण खरं धरू नका, त्यांच्याकडे धातू प्रत्यक्षापेक्षा कितीतरी पट जास्त वेगाने गार होतो कारण तेवढा वेळच चालवता येत नाही, त्यामुळे काच जरा मऊच निघते.

माझं मत विचाराल तर बारीक असण्याचा फायदा आहे, पण लेखात नुसती जाडी देऊन भागत नाही, तार ओतली, दाबली की कोरली, नंतर तापवली का, हे एका ओळीत तरी यायला हवं होतं.

आणि फोटोखाली "केसाएवढी बारीक तार" छापलंय. केस साधारण 80,000 नॅनोमीटरचा असतो, ही तार त्याच्या आठशेव्या हिश्श्याची. तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी द्या.

आपला,
एक जुना वाचक, हर्णै, ता. दापोली