मोकळ्या प्लॉटवरील कर: नीती आणि व्यवहार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जमिनीच्या किमतीवर कर असावा, असे म्हणणारे बहुधा नीतीपासून सुरुवात करतात: जमीन कोणी निर्माण केलेली नाही, तिचा भाव समाजामुळे चढतो, तेव्हा ती वाढ समाजाकडे यावी. वर्धा मार्गालगत राहणाऱ्या मला हे नाकारता येत नाही. 2019 मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो धावू लागली, त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. परंतु ज्याने आयुष्याची पुंजी ओतून परवाच चढ्या भावाने प्लॉट घेतला, त्याच्याकडे कोणती वाढ मागायची? ती तर आधीचा मालक घेऊन गेला. नीतीचा युक्तिवाद येथे अडतो.

व्यवहाराचा अडत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला चढवला आणि त्यांचा घरटॅक्स वाढला. त्यांच्या भिंतीला लागूनचा प्लॉट मात्र बारा वर्षे रिकामा आहे; पावसाळ्यात तेथे कमरेइतके गाजरगवत माजते, पाणी साचते, येणारे-जाणारे कचऱ्याच्या पिशव्या भिरकावतात. रस्ता, गडरलाइन, पथदिवे दोघांनाही तेच, तरी बांधणाऱ्यावर बोजा आणि अडवून ठेवणाऱ्याला मोकळीक. घरांवर कर वाढवला तर बांधकाम रोडावते. जमिनीवर वाढवला तर जमीन काही कमी होत नाही, ती पडीक ठेवणे तेवढे परवडत नाही. नागपुरात खरेदीखतावर मुद्रांक शुल्कासोबत 1 टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो, पण तोही घेणाऱ्याच्या खिशातून. जो विकतच नाही, त्याला त्याची झळ नाही.

अमेरिकेतील पिट्सबर्गने इमारतीपेक्षा जमिनीवर चढ्या दराने कर लावण्याची वाट 1913 मध्ये धरली आणि 2001 मध्ये, फेरमूल्यांकनावरून रहिवासी संतापल्यावर, सोडून दिली. मूल्यांकनावरचा विश्वास उडाला की उत्तम करही टिकत नाही, हे आपण त्यातून घ्यावे.

जमीन व इमारतींवरील कर राज्यसूचीतील 49 व्या नोंदीनुसार राज्याच्या अखत्यारीत आहे. म्हणून शासनाने इमारतीवरील दर उतरवून जमिनीवरील दर टप्प्याटप्प्याने चढवावा, प्रत्येक लेआउटचे मूल्यांकन हरकतींसाठी आधी जाहीर करावे, आणि ज्या वृद्धांकडे घर आहे पण मिळकत नाही, त्यांचा वाढीव कर घर विकले जाईपर्यंत किंवा वारसांच्या नावे होईपर्यंत थकीत न मानता पुढे ढकलावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त वाचक, नागपूर