डनलूसचे स्वयंपाकघर जागेवरच आहे

संपादक महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत उत्तर आयर्लंडमधल्या डनलूस किल्ल्यावरचा लेख वाचून आनंद झाला; पण त्यातली निम्मी जागा एका दंतकथेनेच घेतली आहे. १६३९ सालच्या वादळी रात्री किल्ल्याचे स्वयंपाकघर नोकरचाकरांसह समुद्रात कोसळले, कोपऱ्यातला एक पोऱ्या तेवढा वाचला, आणि मालकिणीने घाबरून किल्ला सोडला, अशी ती कथा. मी जवळच कोलरेनला राहते. घरी आलेल्या पाहुण्यांना डनलूसला नेते तेव्हा आधी ते स्वयंपाकघरच दाखवते. चूल, भट्टी, आत जायच्या वाटा, सगळे आजही दिसते. समुद्रात गेली ती राहत्या वाड्याची उत्तरेकडची भिंत, आणि तीही अठराव्या शतकात. बाकीच्या तीन भिंती अजून उभ्या आहेत.

या कथेपायी खरा इतिहास झाकला जातो, याचे मला फार वाईट वाटते. मॅकक्विलन घराण्याचा हा किल्ला सोळाव्या शतकात मॅकडॉनेल घराण्याने घेतला. १५८४ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून तो जिंकला, तरी सॉर्ली बॉय मॅकडॉनेलने परत मिळवलाच. १५८८ च्या ऑक्टोबरात स्पॅनिश आरमाराचे ‘जिरोना’ जहाज जवळच्या लकाडा पॉइंटवर फुटले. सुमारे १३०० जणांतले बोटांवर मोजण्याइतके वाचले. जहाजाच्या तोफा डनलूसच्या दरवाजावर चढल्या. जहाजातले सोने मात्र १९६७ नंतर बेल्जियन पाणबुडे रॉबेर स्टेनुई यांनी वर काढले. बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये त्यातला एक दागिना आहे: माणके जडवलेली, पंख असलेली सोन्याची इवलीशी पाल. तिच्यासमोरून माझा पाय निघत नाही.

आणि किल्ल्याबाहेरचे ते गवताळ रान! त्याखाली अख्खे गाव आहे. सॉर्ली बॉयचा मुलगा रँडल मॅकडॉनेल याने १६०८ च्या सुमारास ते वसवले. स्वतः कॅथलिक असून त्याने स्कॉटलंडचे प्रोटेस्टंट व्यापारी, कारागीर आणून बसवले. १६४१ चे आयरिश कॅथलिकांचे बंड पेटले आणि पुढच्याच वर्षी गाव जाळले गेले. किल्ला तेव्हा तगला, पण गाव पुन्हा धड उभे राहिले नाही. अलीकडच्या उत्खननात त्याचे फरसबंद रस्ते आणि घरांचे पाये निघाले. बाजारपेठ न बघता रायगड उतरावा, तसे लोक इथून फोटो काढून निघून जातात.

जायंट्स कॉजवे या खडकांच्या खांबांसाठी प्रसिद्ध किनाऱ्याच्या वाटेवर मराठी सहलींच्या बसही इथे जेमतेम पंधरा मिनिटे थांबतात. सहल आखणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, की डनलूसला निदान एक तास द्यावा. आणि आपणही या जळालेल्या गावावर एक स्वतंत्र लेख छापावा.

– एक वाचक, कोलरेन (उत्तर आयर्लंड)