आधी झाकण उघड, मग कॅबिनेट निवड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. ऑफिसांसाठी बनलेला तुझा कॉम्प्युटर नव्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या नव्या पेटीत, हलवायचं म्हणतोस ते पत्र दोनदा वाचलं. "मशीन झकास चालतंय, फक्त तो काळा डबा डोळ्यांना खुपतो" असं लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत "अर्थात हे सगळं हौसेचं काम" अशी सारवासारव केलीस. ती करू नकोस. ज्या टेबलाशी तू रोज आठ-नऊ तास बसतोस, तिथली वस्तू बघायला बरी असावी, यात गैर काय? मी वर्षभरापूर्वी हेच केलं. अजूनही खोलीत शिरलो की नजर आधी तिकडे जाते आणि समाधान वाटतं.

फक्त एक विनंती आहे. कॅबिनेट मागवलं नसशील तर अजून मागवू नकोस. मी आधी कॅबिनेट घेतलं, ते घरी आल्यावर जुन्या मशीनचं झाकण उघडलं, आणि पुढचे तीन रविवार त्या उलट्या क्रमाची भरपाई करण्यात गेले. तुझे ते तीन रविवार वाचावेत म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आपण बाजारातून सुटे भाग आणून जोडतो त्या मशीनमागे एक ठरलेलं माप असतं. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे माप आणलं आणि १९९७ मध्ये त्याचंच लहान भावंड, मायक्रो-एटीएक्स. बोर्ड (मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी) किती लांब-रुंद, स्क्रूची भोकं कुठे, मागच्या खाचा कुठे, हे सगळं त्यात ठरलेलं. म्हणून त्या मापाचा कुठलाही बोर्ड त्या मापाच्या कुठल्याही कॅबिनेटमध्ये बसतो. ऑफिसांसाठी हजारोंनी बनणाऱ्या मशीनला मात्र या सोयीची गरज नसते. तिथे कॅबिनेट, बोर्ड आणि एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) एकमेकांसाठीच घडवलेले असतात. त्यात वाईट काही नाही. उलट तुझं मशीन उघडून बघ: एक खटका ओढला की झाकण निघतं, स्क्रू ड्रायव्हर न लावता हार्ड डिस्क बाहेर येते, हात घालायच्या जागा वेगळ्या रंगात दाखवलेल्या असतात. इतक्या विचाराने केलेली मांडणी तुला स्वस्तातल्या काचेच्या कॅबिनेटमध्ये मिळणार नाही. आपण जे वेगळं करणार आहोत ते मुळात एकत्र राहण्यासाठी बनवलंय, एवढं लक्षात ठेवून हात घाल.

तर पहिलं काम, झाकण उघडून मदरबोर्डचं माप घे. मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ गुणिले २४४ मिलिमीटर. तुझं मशीन उभं आणि जाड आहे असं लिहिलंस, त्यामुळे बोर्ड या मापाच्या आसपास निघायची आशा आहे. आडव्या, चपट्या किंवा पुस्तकाएवढ्या मशीनमधला बोर्ड मात्र बहुधा स्वतःच्याच आकाराचा असतो आणि भोकंही जुळत नाहीत. तसं निघालं तर हा बेत सोडून दे, मी मनापासून सांगतोय. त्या डब्यालाच घासून रंग दे. तेही छान दिसतं.

दुसरं म्हणजे बोर्डाला वीज देणारा मोठा कनेक्टर. नेहमीच्या एसएमपीएसला २४ पिनांचा असतो. ऑफिसच्या मशीनमध्ये ज्याची त्याची तऱ्हा. डेलच्या २०१२ सालच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० या टॉवरमध्ये सरळ २४ पिनाच आहेत, पण पुढच्याच ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये ८. लेनोव्होच्या थिंकसेंटर एम९३पी मध्ये १४, एचपीच्या एलिटडेस्क ८०० जी१ मध्ये ६. पिना कमी का, तर असा बोर्ड एसएमपीएसकडून मुख्यतः १२ व्होल्टच घेतो आणि ५ व ३.३ व्होल्ट स्वतः तयार करतो. म्हणूनच अशा मशीनमध्ये हार्ड डिस्कची वीजही बऱ्याचदा बोर्डावरूनच निघालेली दिसते. हे नीट बघून ठेव, कारण जुना एसएमपीएस ठेवायचा की नवा घ्यायचा हे इथे ठरतं.

माझं स्पष्ट मत, शक्य असेल तर जुनाच ठेव. मोठ्या टॉवरमधला एसएमपीएस पुष्कळदा नेहमीच्या मापाचा असतो, म्हणजे १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ उंच, आणि मागचे चार स्क्रूही जुळतात. पण इथेच मी अडकलो. नव्या धाटणीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी बसतो. माझ्या जुन्या डब्यात तो वर होता आणि वायरी त्या अंतराला मोजून कापलेल्या. नव्या जागी बसवला तर प्रोसेसरची चार पिनांची वायर चार बोटं अपुरी पडली. ताणून बसवायचा मोह झाला होता, पण ताणलेला कनेक्टर सैल होतो, सैल कनेक्टर तापतो. मग तेवढ्यासाठी जोडवायर आणली. २४ पिनांच्या नव्या एसएमपीएसवरून तुझ्या बोर्डाकडे जाणारे अडॅप्टरही मिळतात. ते घेशील तर बरोबर तुझ्याच मॉडेलचं घे. पिना सारख्या दिसल्या म्हणून जोडणी सारखी नसते, आणि इथली चूक थेट बोर्डाच्या जिवावर बेतते. आणि एसएमपीएसचं स्वतःचं झाकण कधीच उघडू नकोस. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरलेला असतो.

आता चालू करायच्या बटणाविषयी, कारण याने मला सगळ्यात जास्त छळलं आणि सगळ्यात जास्त शिकवलंही. सुट्या बोर्डावर बटणाच्या पिनांची मांडणी ठरलेली असते, सहा आणि आठ नंबरच्या पिना क्षणभर जुळल्या की मशीन सुरू. ऑफिसच्या बोर्डावर तिथे भलताच कनेक्टर दिसला: बटण, दिवा आणि तापमानाचा छोटा सेन्सर, सगळं एकाच वायरीत गुंफलेलं. अंदाजाने पिना जुळवून बघू नकोस. मशीन बंद असतानाही त्यातल्या एखाद्या पिनेवर ५ व्होल्ट असू शकतात. मी काय केलं सांगतो. जुन्या डब्याचं बटण वायरीसकट मोकळं केलं, मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की आवाज करतो, त्या खुणेवर) ठेवला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबत एकेक जोडी तपासली. दाबल्यावर 'पी' असा आवाज येतो आणि सोडल्यावर थांबतो, ती जोडी बटणाची. कागदावर चित्र काढलं, त्या दोन जागी खूण केली, मग नव्या कॅबिनेटच्या बटणाची वायर तिथे जोडली. पहिल्यांदा दाबलं आणि पंखा फिरला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मला कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटत होतं.

दिव्याचं सोपं आहे. उलटा जोडला तर पेटत नाही, फिरवून जोड. तो सेन्सर मात्र फेकू नकोस. तो नसला की काही मशीन सुरू होताना तक्रार दाखवून थांबतात आणि दर वेळी एक कळ दाबावी लागते. माझ्याकडे तो आत एका कोपऱ्यात चिकटवून ठेवलाय, दिसतही नाही.

प्रोसेसरवरचा कूलर काढताना नीट बघ, त्याचे चार स्क्रू कुठे जातात. माझ्याकडे ते बोर्डातून आरपार जाऊन थेट डब्याच्या पत्र्यात बसलेले होते. म्हणजे बोर्ड बाहेर काढला की कूलरला धरायला काही उरत नाही! नव्या कॅबिनेटच्या पत्र्याला तिथे आटेच नसतात. सुदैवाने इंटेलच्या त्या काळच्या ११५५, ११५० आणि ११५१ या तिन्ही सॉकेटांत (प्रोसेसर बसवायच्या खाचांत) कूलरची भोकं ७५ मिलिमीटरवरच आहेत, त्यामुळे मागे पट्टी असलेला साधा कूलर चालतो. तो बोर्ड बाहेर असतानाच बसव, जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) पुसून नवी लाव, वाटाण्याएवढा थेंब पुरे. पंख्याची वायर तपासायला विसरू नकोस. नेहमीच्या पंख्याला चार पिना, ऑफिसच्या बोर्डावर काही ठिकाणी पाच, क्रमही वेगळा असू शकतो. त्यासाठीही छोटे अडॅप्टर मिळतात.

माझी खरी घाबरगुंडी उडाली ती बोर्ड बसवल्यावर. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखा अर्धा गरका फिरला आणि थांबला. पुन्हा तेच. बोर्ड गेला असं वाटून मी तासभर नुसता बसून राहिलो. मग सगळं परत उघडलं तर कॅबिनेटच्या पत्र्यावर आधीपासून लावलेला पितळेचा एक स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारी छोटी खुंटी) माझ्या बोर्डाला भोक नसलेल्या जागी होता आणि बोर्डामागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकत होता. तो काढला आणि मशीन निमूट सुरू झालं. म्हणून बोर्ड ठेवण्याआधी प्रत्येक स्टँडऑफ मोजून घे. जेवढी भोकं जुळतात तेवढेच ठेव, बाकीचे काढ. एखाद्या कोपऱ्याखाली आधार नसेल तर तिथली वायर घालताना खालून बोटाचा टेकू दे.

मागची पट्टी, म्हणजे यूएसबी वगैरेंच्या भोवतीचा पत्रा, माझ्या मशीनमध्ये डब्याचाच भाग होता. नव्या कॅबिनेटला तिथे १५८.७५ गुणिले ४४.४५ मिलिमीटरची मोकळी खिडकी. महिनाभर ती तशीच ठेवली, काही बिघडलं नाही, पण धूळ जात होती. शेवटी पुठ्ठ्याचा साचा करून पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून पट्टी कापली आणि कडा कानशीने घासल्या. पूर्ण कामातला हा भाग मला सगळ्यात आवडला. घाई नव्हती, कुणी बघणारं नव्हतं, आणि दर वेळी घासून लावून बघितलं की थोडी अधिक बसायची.

दिसण्याबद्दल आता. तू समोर काच असलेलं घ्यायचं म्हणतोस. माझं ऐक, समोर जाळी असलेलं घे, काच हवीच तर बाजूला. समोरून बंद असलेल्या स्वस्त कॅबिनेटमध्ये हवा आत यायला फटच नसते. शिवाय काचेतून दिसणार काय? आपल्या बोर्डावर दिवे नाहीत, वायरी रंगीबेरंगी, एसएमपीएस करडा. मी दुसऱ्या हाताचं, साध्या रेषांचं, जाळीचं कॅबिनेट घेतलं, समोर १२० मिलिमीटरचा एक पंखा लावला आणि वायरी काळ्या कापडी पट्टीने गुंडाळून मागे नेल्या. पूर्वी जड कामात प्रोसेसर ८० अंशांच्या घरात जायचा, आता ६६-६७ वर थांबतो, आणि आवाज तर जवळजवळ नाहीच. मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त खर्च करायचा नाही असं मी ठरवलं होतं. अडॅप्टर, जोडवायर, कूलर, पंखा हे सगळं त्यात धर. कॅबिनेट स्वस्त मिळतं, पण त्याच्याभोवतीचं किरकोळ सामान बजेट खाऊन टाकतं.

विंडोजची काळजी करू नकोस, त्याचा परवाना बोर्डाशी बांधलेला असतो, डब्याशी नाही. पण तुझ्या मशीनमध्ये इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर आहे ना? विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढच्याच इंटेल प्रोसेसरांना घेतं. हे मशीन अजून तीन-चार वर्षं वापरायचं असेल तर लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा) विचार याच निमित्ताने कर. मी केला, आणि रोजच्या कामात कुठे अडलं नाही.

सुरुवात करशील त्या दिवशी प्लग काढून बटण दहा सेकंद दाबून धर, आणि दर पायरीला फोटो काढ. परत जोडताना कुठली वायर कुठून आली होती हे आठवत नाही, माझ्या फोनमधल्या चाळीस फोटोंनी मला वाचवलं. जुना डबा लगेच टाकू नकोस, सगळं स्थिरस्थावर होईपर्यंत त्यातले स्क्रूही लागतात.

पत्रासोबत कागदाची एक मोठी घडी ठेवली आहे. मायक्रो-एटीएक्सच्या भोकांचा पूर्ण मापाचा साचा आहे. आधी फुटपट्टीने त्याची कड २४४ मिलिमीटर भरते का बघ, मग तो तुझ्या बोर्डावर धर. किती भोकं जुळली आणि मोठ्या कनेक्टरला किती पिना आहेत, एवढं कळव. त्या दोन गोष्टी कळल्या की कॅबिनेट आपण दोघं मिळून निवडू.

तुझाच,
जुना मित्र