फोटोंच्या पाठीवरचे बाण

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

पुस्तक काल छापखान्यात गेलं. फोनवर सांगायला गेले असते तर रडूच आलं असतं, म्हणून लिहिते आहे. आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

पणजीच्या कला अकादमीच्या इमारतीवर सचित्र पुस्तक करते म्हटल्यावर सगळे तिचे वास्तुकार चार्ल्स कोरियांबद्दल बोलायचे. ते तर हवंच. पण मला ही वास्तू उभी कशी राहिली ते काढून दाखवायचं होतं. कांपालच्या रस्त्यावरून पर्गोलाखाली, म्हणजे उघड्या तुळयांच्या मांडवाखाली, शिरलं की चालता चालता माणूस मांडवी नदीच्या काठाला कसा पोचतो, एवढा मोठा पसारा बुटका का ठेवला, जांभा चिरा कुठे संपतो आणि काँक्रीट कुठे सुरू होतं. तिथल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिर या नाट्यगृहात व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी भिंतींवर रंगवलेले प्रेक्षक सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या रंगाखालची भिंत कुणी बांधली, हे मात्र कुणी विचारत नाही.

बांधकामाचे फोटो जिथे मिळायला हवे होते, तिथे मला अर्जावर अर्ज करायला लावले आणि शेवटी ते पावसात भिजून गेल्याचं सांगितलं. एका संग्राहकाने फोटो दाखवण्याआधीच पैशांचा आकडा सांगितला. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही त्या साइटवर ओव्हरसिअर होता. म्हार्दोळच्या घरी ओळखदेख नसताना तुम्ही काळ्या पानांचा अल्बम माझ्यापुढे ठेवलात. पावती लिहायला घेतली तर काकूंनी हातातलं पेन काढून घेतलं आणि चहाचा कप दिला.

पण काका, मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. फोटो न्यायला आले तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीचा एक बाण होता आणि शेजारी ‘मांडवी’ लिहिलेलं. अर्धवट स्लॅब, सेंट्रिंगचे टेकू, सळ्यांची जाळी, सगळं एकसारखंच दिसतं. नदी कुठल्या अंगाला, हे कळल्याशिवाय त्या फोटोंवरून चित्र काढता येत नाही. हे मी मागितलंही नव्हतं. तुम्ही रात्री बसून, पुढच्या बाजूला वण उमटू नये म्हणून हात हलका ठेवून, एकेक बाण काढलात. बांधकामाच्या टप्प्यांचं अख्खं प्रकरण त्या बाणांवर उभं आहे.

असलं सौजन्य कुठल्या नियमात बसत नाही, कुणाच्या सहीने मिळत नाही. समोरच्याचं काम आपलंच मानणारी माणसं अजून आहेत, म्हणून माझ्यासारखीला पुस्तकं करता येतात.

फोटो नीट गुंडाळून ठेवलेत, पुढच्या आठवड्यात स्वतः आणून देते. नाव कुठे घालू नको म्हणालात, म्हणून या पत्रात घातलेलं नाही. पुस्तकात मात्र प्रत्येक फोटोखाली ते छापलं आहे. तेवढं तुमचं ऐकलं नाही.

तुमची ऋणी