चाळी रिकाम्या होण्याआधी पेटीतले कागद वाचवा : कोयना धरणग्रस्त सभासदांना कळकळीचे आवाहन

सर्व सभासद बंधू-भगिनी, गावोगावच्या मुंबई मंडळांचे पदाधिकारी, आपल्या माहेरवाशिणी, आणि ठाणे, पालघर, रायगडच्या पुनर्वसन वसाहतींमधली आपली भावकी यांना सप्रेम नमस्कार वि. वि.

विषय तातडीचा आहे, म्हणून पत्रकाची वाट न पाहता इथेच लिहीत आहोत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. घोडपदेव, काळाचौकीकडच्या जुन्या इमारतीही एकेक करून खाली होत आहेत. आपल्या गावांचे गाळे (गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या) याच चाळींमध्ये होते आणि गाळ्याच्या माळ्यावर प्रत्येक घराची एक पत्र्याची पेटी होती. सामान हलवताना पहिली रद्दीत जाते ती हीच पेटी. तिच्यात भूसंपादनाची नोटीस असते, जमीनवाटपाचा आदेश असतो, कब्जेपट्टी (ताबा दिल्याचा कागद) असते, आजोबांच्या अंगठ्याची पावती असते. नव्या पिढीला ते पिवळे कागद वाटतात आणि त्यात त्यांचा दोष नाही, आपणच कधी सांगितले नाही.

आपल्या माणसांना कोयना काय हे सांगायला नको. पण मुंबईत वाढलेल्या मुलांसाठी थोडे लिहितो. 1954 मध्ये धरणाचे काम सुरू झाले आणि 1962 मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज निघाली. पूर्वेला वाहणारे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवायचे, त्या उतारावर जनित्रे फिरवायची आणि पुढे ते वाशिष्ठीत सोडायचे, अशी ही योजना. आज सगळे टप्पे मिळून क्षमता 1,960 मेगावॉट आहे. ही वीज मुंबई-पुण्याच्या कारखान्यांसाठी होती. पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतली शंभराच्या आसपास गावे त्यासाठी उठली. आपल्या आधी मुळशीकरांची 52 गावे मुंबईच्या गिरण्यांच्या विजेसाठी गेली होती. 1921 मध्ये सेनापती बापटांनी तिथे सत्याग्रह केला, हे निदान पाठ्यपुस्तकात तरी येते.

मुद्दा असा की राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला 1976 मध्ये. तोवर आपली गावे पाण्याखाली जाऊन डझनभर वर्षे उलटली होती. म्हणून आपले हक्क कायद्याच्या कलमात कमी आणि सुट्या आदेशांत, पावत्यांत, यादीतल्या एखाद्या ओळीत जास्त अडकले आहेत. तो कागद गेला की माणूस धरणग्रस्त आहे हेच सिद्ध होत नाही. पर्यायी जमीन राहू द्या, मुलाला सरकारी भरतीतल्या 5 टक्के समांतर आरक्षणासाठी दाखला हवा असेल तरी पाया हाच.

आता कृतज्ञतेचे चार शब्द, कारण ते राहून गेले तर आम्हालाच झोप येणार नाही. डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयनेच्या खोऱ्यात घरे बसली तेव्हा मस्जिद बंदरच्या माथाडी टोळ्यांनी आठवड्याची मजुरी न उचलता ती गावाकडे धाडली. त्या टोळ्यांतले बहुतेक हात आज नाहीत. भायखळ्याच्या भाजीबाजारातल्या तात्यांनी मंडळाला पहिले लोखंडी कपाट दिले, ते अजून कुरकुर न करता उघडते. घोडपदेवच्या खानावळवाल्या काकींनी सलग अकरा वर्षे सभेचा चहा फुकट दिला आणि हिशेबात लिहू दिला नाही. ठाण्याच्या वसाहतीतल्या आण्णांनी स्वतःच्या हाताने गाववार वह्या घातल्या. कोणाचा सर्व्हे नंबर कोणता, कोण कुठल्या वसाहतीत गेला, कोणाची सून कुठल्या गावची. आज जे काही काम चालते ते त्या सात वह्यांवर. आणि ज्या माहेरवाशिणींनी मंगळागौरीच्या वर्गणीतून उरलेले पैसे 'कागदांसाठी' म्हणून पाकिटात घालून दिले, त्यांच्या पाकिटावर नाव नव्हते. नाव न घालणाऱ्यांचे आभार कसे मानायचे, हे सचिवाला अजून कळलेले नाही.

या सगळ्यांच्या जिवावर आजवर बरीच प्रकरणे मार्गी लागली. त्यातून काय अडते आणि का, हे चांगले कळले आहे. ते इथे सविस्तर देतो, कारण पैसे देणाऱ्याला आपला पैसा कुठे जातो हे कळले पाहिजे.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. 1950 च्या सुमाराच्या कागदांत आडनाव क्वचितच असते. 'बाळू बिन रामा' एवढेच लिहिलेले असते. नातवाच्या आधारकार्डावर आजोबा 'बाळकृष्ण रामचंद्र' अधिक आडनाव असे झालेले. दोघे एकच, हे दाखवायला शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचा उतारा आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र अशी साखळी जोडावी लागते. एक कडी तुटली की प्रकरण परत. दुसरा घोळ 'ए. कु. मॅ.' या तीन अक्षरांचा. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे नाव सातबाऱ्यावर लागले, निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) त्याच्या नावाने झाला, जमीन त्याच्याच नावाने वाटली गेली आणि धाकट्यांच्या घरात आज एकही कागद नाही. अशा वेळी जुना फेरफार उपयोगी पडतो, कारण बाकीच्या भावांची नावे तिथे सापडतात. बहिणींची नावे मात्र वारस लावताना सर्रास गाळलेली दिसतात. ती वंशावळीत घालायचीच. पुढे हरकत आली की सगळे प्रकरण तिथेच गोठते.

तिसरी अडचण जिल्ह्याच्या नावाची. जुन्या कागदावर 'उत्तर सातारा' असते, कारण 1960 पर्यंत जिल्ह्याचे नाव तेच होते. वसाहत 'कुलाबा' जिल्ह्यात असते, जो 1981 मध्ये रायगड झाला. 'ठाणे' म्हणून लिहिलेले गाव 2014 पासून पालघरमध्ये आहे. अर्ज नव्या नावाने केला तर जुनी नस्ती सापडत नाही आणि जुन्या नावाने केला तर एका कार्यालयात 'असा जिल्हाच नाही' असे उत्तर मिळाले आहे. म्हणून अर्जात दोन्ही नावे लिहायची.

आकड्यांचेही तसेच. क्षेत्र एकर-गुंठ्यांत, नवे हेक्टर-आरमध्ये. 40 गुंठ्यांचा एकर. एक गुंठा म्हणजे एका आरपेक्षा किंचित जास्त, त्यामुळे दोन कागदांत थोडा फरक दिसला म्हणून घाबरू नये. एप्रिल 1957 च्या आधीच्या मोबदल्याच्या रकमा रुपये-आणे-पैंत असतात. '312-7-6' म्हणजे तीनशे बारा रुपये, सात आणे, सहा पै. काहींनी ते एकतीस हजार वाचून भलत्याच आशा बांधल्या. वसाहतीच्या गावात जमिनींचे एकत्रीकरण झाले असेल तर वाटप आदेशातला सर्व्हे नंबर आज गट नंबर झालेला असतो. दोन्हींचा तक्ता काढल्याशिवाय जागेवर जाऊन उपयोग नाही. आणि जागेवर गेल्यावर कधी असेही दिसते की आपल्याला वाटलेली जमीन आधीपासून दुसरेच गरीब कुटुंब कसत आहे किंवा तिच्यावर वनखात्याची नोंद आहे. तिथे भांडू नका. आदेश असूनही ताबा मिळाला नाही एवढा पंचनामा करून घ्या.

पेटीत काय शोधायचे? भूसंपादन कायद्याच्या कलम 12(2) ची, म्हणजे निवाडा झाल्याचे कळवणारी नोटीस. हातभर लांबीचा, बहुधा चुरगळलेला कागद. लोक तो सगळ्यात आधी टाकतात, आणि सगळ्यात मोलाचा तोच, कारण संपादन प्रकरणाचा क्रमांक तिथे मिळतो. तो क्रमांक, गाव आणि निवाड्याची तारीख असली की निवाड्याची नक्कल अभिलेख कक्षातून मागता येते. नक्कल मिळाली नाही तर माहितीचा अधिकार : 10 रुपयांचे कोर्टफी तिकीट, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, प्रतीला पानामागे 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचे तिकीट लावून पहिले अपील. 'संकलन रजिस्टरमधील (म्हणजे प्रकल्पग्रस्तांच्या गाववार नोंदवहीतील) अमुक गावाची पाने' असे नेमके मागावे, 'सर्व माहिती द्यावी' असे लिहिले की अर्ज निकाली निघालाच. ज्यांच्याकडे एकही कागद उरला नाही त्यांच्यासाठी मुंबईतच एक वाट आहे. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार आणि जुनी सरकारी राजपत्रे. भूसंपादनाच्या अधिसूचनांत गाव आणि सर्व्हे नंबर छापलेले असतात. ती पाने चाळायला डोळे हवेत, त्याबद्दल खाली.

आता थोडे मनातले. जत्रेच्या वर्गणीला आपण कमी पडत नाही. क्रिकेटच्या सामन्यांना टी-शर्टवर नाव छापायला प्रायोजक रांग लावतात, आणि लावावी, पोरांनी खेळावे. पण मागच्या खेपेला याच कामासाठी आवाहन केले तेव्हा व्हॉट्सॲप गटावर शंभरावर अंगठे आले आणि पावत्या फाटल्या नऊ. त्या नऊ जणांना मंडळ विसरणार नाही. बाकीच्यांना आम्ही बोल लावत नाही, हप्ते सगळ्यांनाच आहेत. तरी एवढे वाटतेच की 'आमच्या आजोबांच्या जमिनीचे काय झाले' हे विचारायला जे रात्री अकरा वाजता फोन करतात, त्यांनी रविवारचे दोन तासही द्यावेत. भाषणात 'धरणग्रस्तांच्या त्यागावर मुंबई उजळली' म्हणणाऱ्या पाहुण्यांकडूनही एका हार्ड डिस्कचे पैसे आलेले नाहीत.

काम असे. साधारण 300 घरांची फाईल, सरासरी 60 पाने, म्हणजे 18,000 पाने. जुना कागद उलगडून, टाचणी काढून, झटकून स्कॅन करायचा तर ताशी 60 च्या वर होत नाही. रविवारी 6 तास धरले तर एका टेबलावर 50 रविवार लागतील आणि चाळ तेवढी थांबणार नाही. म्हणून दोन टेबले हवीत. वरून फोटो घेणारा एक स्कॅनर विकत घेत आहोत, दुसरा कोणाच्या ऑफिसात पडून असेल तर सहा महिने उसना द्यावा. स्कॅन रंगीतच, 300 डीपीआयवर. काळ्या-पांढऱ्यात निळा शिक्का आणि तांबड्या शाईची दुरुस्ती पुसट होते आणि नेमकी तीच हवी असते. मोडीतली पाने फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर) 600 ला. साठा तीन डिस्कवर, त्यातली एक मुंबईबाहेर.

खर्च (रुपये) : स्कॅनर 38,000, फ्लॅटबेड 9,500, 2 टीबीच्या तीन हार्ड डिस्क 21,000, नाजूक पानांसाठी पॉलिएस्टर पाकिटे 2,000 नग 18,000, फोल्डर 300 नग 12,000, मोडी लिप्यंतर 250 पाने 37,500, नकला, कोर्टफी, प्रवास 44,000. एकूण 1,80,000. शिल्लक 52,000. कमी 1,28,000. एकूण खर्च 300 घरांवर वाटला तर एका घराच्या फाईलला 600 रुपये. स्वतःच्या घराचे 600 द्या, जमले तर गावाकडच्या एका घराचेही द्या. पावतीशिवाय रोख देऊ नये. खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे आहे, गटावर फिरणाऱ्या कोणत्याही क्यूआर कोडवर पैसे पाठवू नयेत, मंडळाने तो काढलेला नाही. मनुष्यबळ : दर रविवारी 10 ते 4, नेहमीच्या हॉलमध्ये, टेबलामागे तीन जण (एक उलगडणारा, एक स्कॅन करणारा, एक नोंद करणारा). मोडी वाचणारे, महसूल खात्यातून निवृत्त झालेले आणि पुराभिलेखागारात वारी करू शकणारे कॉलेजचे विद्यार्थी खास हवेत. मूळ कागद मंडळ ठेवून घेणार नाही, त्याच दिवशी परत. शिरवटा (1,800 मेगावॉट) आणि भिवपुरीच्या (1,000 मेगावॉट) उदंचन (पाणी पंपाने वर चढवून पुन्हा वीज काढणाऱ्या) जलविद्युत प्रकल्पांचा करार 2023 मध्ये झाला आहे. त्या मावळ-कर्जत भागातल्या कोणाला कागद कसे जपायचे हे पाहायला यायचे असेल तर जरूर यावे, वर्गणी नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले नम्र,
सचिव व कार्यकारी मंडळ

ता. क. : कागद आणण्याआधी कृपा करून लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई बिघडते आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेप लावू नका, तिचा डाग कायमचा राहतो. गंजलेली टाचणी ओढू नका, आम्ही काढू. घडी चिकटली असेल तर तशीच आणा. पावसात भिजलेला कागद उन्हात ठेवू नका, इस्त्रीही नको, दोन टीपकागदांमध्ये पंख्याखाली सपाट ठेवा आणि टीपकागद दर दोन तासांनी बदला. आणि पेटीच्या तळाला अंथरलेला कागदही आणा, तोही पाहायचा आहे.