ब्रूनोची जाहिरात आधी काढ

सोलापूर, रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सच्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर मी चिडून काहीतरी बोलून बसेन आणि तू ठेवून देशील, म्हणून लिहायलोय. लांब झालंय, पण पूर्ण वाच.

दुपारी आपल्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी एक जाहिरात फॉरवर्ड केली. "लॅब्रेडोर मेल, ४ वर्षे, एकदम फ्रेंडली, फ्री, अर्जंट, ओन्ली डॉग लव्हर्स." मी वरवर बघून पुढं जाणार होतो, तेवढ्यात फोटोतली चादर दिसली. आपली जेकार्डची चादर लगा, तांबडी-काळी, तुझ्या वास्तुशांतीला मीच दिलेली, आणि तिच्यावर पुढच्या दोन पायांवर हनुवटी टाकून ब्रूनो बसलेला. गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी तू त्याला घेऊन आलतास तेव्हा आईच्या टोपलीतली कडक भाकरी पळवून तो असाच बसला होता, मला काय माहीतच नाही असं तोंड करून. खाली तुझा नंबर. मला कळेचना काय करावं.

जर्मनीचं पोस्टिंग मिळालं ही आनंदाची गोष्ट आहे, तीन वर्षं म्हणजे काय कमी नाही आणि तू त्यासाठी किती घासलास ते मला माहीत आहे. दोन महिन्यांत सामान, व्हिसा, फ्लॅट भाड्यानं देणं, त्यात वहिनींची नोकरी, त्यात कुत्रं, डोकं चालत नाही अशा वेळी माणसाचं. म्हणून तू वाईट माणूस आहेस असं मी अजिबात म्हणत नाही. जाहिरात काढ एवढंच म्हणतोय, आणि का ते सांगतो, कारण ही गोष्ट मी तुला कधीच पूर्ण सांगितली नाही.

राणी आठवते ना तुला. पूर्व भागातल्या आमच्या जुन्या घरी होती ती, पिवळसर लॅब्रेडोर, डाव्या कानाला खाच. तू विचारलंस तेव्हा मी "एका शेतकऱ्याला दिली, मजेत आहे" म्हणालो होतो. ते खरं नाही.

२०१९ ला आम्ही माग विकले. वडिलांना पॅरालिसिस झालेला, घर पण सोडावं लागलं, आणि जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घेतला. घरमालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं, कुत्रं चालणार नाही. मी एका साईटवर जाहिरात टाकली, तुझ्यासारखीच, फ्री म्हणून. मला वाटायचं पैसे न मागणं म्हणजे चांगुलपणा, लेकराचे कुठं पैसे घेतात का. अर्ध्या तासात फोन सुरू झाले ते रात्रीपर्यंत. पेपर आहेत का, ओरिजिनल आहे का, आणि तिघांनी विचारलं, शेवटची हीटवर, म्हणजे माजावर, कधी आली होती? मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. ती काय खाते, कशाला घाबरते, हे एकानंही विचारलं नाही बघ. तेवढ्यावरून मला कळायला पाहिजे होतं.

त्यातला एक जण गोड बोलला. पाच एकर शेत आहे, विहीर आहे, लेकरांना कुत्र्याची आवड आहे. दुसऱ्या दिवशी व्हॅन घेऊन आला. मी त्याला लसीचं पुस्तक द्यायला लागलो तर म्हणाला असू द्या की, काय करायचंय. मी त्याला सांगितलं की ही मागाच्या आवाजात वाढलीये, खडखडाट चालू असला की झोपते आणि लाईट जाऊन माग थांबले की दचकून उठते, तेव्हा शांत जागी पहिले काही दिवस तिला झोप लागणार नाही, जरा जवळ बसा. तो हो हो म्हणत मोबाईलमध्ये बघत होता. राणी आपणहून उडी मारून गाडीत बसली. तिला वाटलं कंबर तलावाला फिरायला चाललोय.

दोन आठवडे फोटो आले, मग एकच टिक. मी मनाची समजूत घातली. आठेक महिन्यांनी त्याच साईटवर पिल्लांची जाहिरात दिसली, नऊ हजाराला एक, सोबत आईचा फोटो, आणि त्या आईच्या डाव्या कानाला खाच. गिऱ्हाईक म्हणून फोन केला, पत्ता घेतला, गेलो. शेत नव्हतं, विहीर नव्हती. पत्र्याचं शेड, आत पाच-सहा कुत्री साखळीला. एप्रिलमधलं आपलं ऊन तुला सांगायला नको, पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. राणीनं मला आधी वासानं ओळखलं, मग उठली. पोटाचं कातडं लोंबायलेलं, पाठीवर केस गेलेले, आणि तरी शेपटी हलवताना सगळं अंग हलत होतं तिचं. मी म्हणालो ही माझी आहे, परत द्या. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही फुकट दिली, कायमची दिली, चॅट आहे माझ्याकडं." आणि चॅटमध्ये खरंच मीच लिहिलं होतं की, कायमची न्या.

पाचव्या दिवशी उसने पंधरा हजार घेऊन परत गेलो. तोवर ती नव्हती. कुणाला तरी देऊन टाकली म्हणाला, नाव सांगितलं नाही. तिचं लसीचं पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे.

आता तू म्हणशील ब्रूनो नर आहे, त्याला पिल्लं होत नाहीत. अरे, चांगल्या तब्येतीचा, शांत, चार वर्षांचा लॅब्रेडोर नर फुकट मिळतोय म्हटल्यावर तो मेटिंगसाठी फिरवणारे लोक पहिले पळत येतात. नाहीतर आज तुझ्याकडनं फुकट नेतात आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नंबरवरून दहा-बारा हजाराला विकतात, तो विकत घेणारा कोण हे तुला कधीच कळत नाही. खरं तर २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पण मी गेलो त्या शेडमध्ये कसली आलीये नोंदणी. आणि कायद्याचा धाक म्हणशील तर प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० चा, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपयाला कोण घाबरणार सांग.

हे आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेत बोस्टनजवळ क्विन्सी म्हणून गाव आहे, तिथं २०१३ ला एक तरुण कुत्री इतक्या वाईट अवस्थेत सापडली की डॉक्टरांना तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागलं. तिच्या पहिल्या मालकाला घरमालकाच्या नियमामुळं ती ठेवता येईना म्हणून क्रेगलिस्ट नावाच्या जाहिरातींच्या साईटवर टाकून ती दिली होती. तिचे हाल करणाऱ्याला शिक्षा व्हायला २०१८ उजाडलं. घरमालकाचा नियम, जाहिरात, अनोळखी माणूस, सगळं माझ्यासारखंच. त्या साईटवर जनावरं विकायला बंदी आहे, पण नवीन घर शोधताना थोडी फी घेतलेली चालते, आणि मला ते पटतं. फी घेतली म्हणून जनावराचा बाजार होत नाही, फुकट्यांची रांग तेवढी कमी होते.

नेटवरून कुत्री देऊच नयेत असं मी म्हणत नाही हां. पावसाळा संपला की आपल्या गल्लीबोळात पिल्लंच पिल्लं होतात, थंडीत कुडकुडत गाड्यांखाली बसतात. राणीनंतर मी त्यात पडलो, आतापर्यंत अकरा गावठी पिल्लं चांगल्या घरी गेली आणि त्यातली नऊ तरी व्हॉट्सॲप आणि इन्स्टावरच्या फोटोवरून. नेट नसतं तर अशोक चौकातलं पिल्लू विजापूर रोडवरच्या मास्तरांना कुठून कळलं असतं? पण नेट म्हणजे दवंडी. दवंडी ऐकून दारात आलेल्या माणसाला आपण लगेच हो म्हणत नाही. लग्नाचं स्थळ आलं की आपली माणसं काय काय बघतात, घर बघतात, शेजाऱ्याला विचारतात, चहा पिता पिता पोरगा आईशी कसा बोलतो ते बघतात. ब्रूनोसाठी तेवढं तरी करायचं.

म्हणजे मी आता काय करतो सांगतो. जाहिरातीत माझा नंबर टाकत नाही आणि फ्री हा शब्द टाकत नाही. येणाऱ्याला आधी मीच प्रश्न विचारतो, दिवसा घरी कोण असतं, यात्रेला किंवा गावाला गेलात तर कुणाकडं ठेवणार, भाड्याचं घर असेल तर मालकाशी माझं बोलणं करून द्या, आधी कुत्रं होतं का आणि त्याचं काय झालं. या शेवटच्या प्रश्नाला माणूस अडखळला की मी थांबतो. मग त्यांच्या घरी जातो, कुत्रं नेत नाही, एकटाच. झोपायची जागा पत्र्याखाली आहे का स्लॅबखाली ते बघतो. पाण्याचं विचारतो, कारण आपल्याकडं नळाला काही दिवसाआड पाणी, आणि ज्या घरात माणसांच्याच पाण्याची ओढाताण तिथं मे महिन्यात कुत्र्याचं भांडं कोरडं पडतं, त्यात त्या लोकांचा पण दोष नसतो. हे सगळं जमलं की एका साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या, आधारची झेरॉक्स, आणि एक ओळ ठळक, सांभाळणं जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला न देता मलाच परत द्यायचं. कोर्टात ते किती टिकेल हे वकिलाला विचार, पण खोटा माणूस सहीच्या वेळेला निघून जातो हे मी दोनदा बघितलंय. आणि मोठं कुत्रं असेल तर नसबंदी करून, टाके सुकल्यावरच देतो. ब्रूनोची झालेली नाही ना? मग ती आधी. मेटिंगवाले तिथंच गळतात.

शेल्टरचा विचार पण मनात आणू नकोस. ते लोक जीव तोडून काम करतात, पण त्यांच्याकडं आधीच गाडीनं उडवलेली, पॅरालिसिस झालेली कुत्री खच्चून भरलेली असतात. सोफ्यावर झोपणारं कुत्रं तिथं टाकलं की बरेचदा खाणं सोडतं.

आणि या सगळ्याच्या आधी एक. तू त्याला सोबत न्यायचा विचार केलास का? मी आज संध्याकाळभर आमच्या डॉक्टरांकडं बसून विचारून घेतलं. आधी मायक्रोचिप, चिपनंतर रेबीजची लस, लसीनंतर कमीत कमी ३० दिवसांनी रक्त, ते युरोपियन युनियननं मान्य केलेल्या लॅबलाच पाठवायचं, टायटर, म्हणजे लसीमुळं रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, ०.५ किंवा त्याच्या वर आलं पाहिजे, आणि रक्त घेतलेल्या दिवसापासून आणखी ३ महिने थांबायचं. घाई करून ते कमी होत नाही. सगळं धरून चार महिने तरी झाले, आणि तुझ्याकडं दोनच आहेत, म्हणून तुला ते अशक्य वाटलं असेल. पण तुझ्याकडं दोन आहेत, माझ्याकडं काय घाई आहे? आता आमचं खालचं घर आहे, अंगण आहे, कडुलिंब आहे. आमच्या हिला विचारलं, ती म्हणाली विचारायलास काय, घेऊन ये. आई म्हणाली भाकरीची टोपली वर ठेवू. ब्रूनो इथं राहील, चिप, लस, रक्त सगळं मी बघतो, दिवाळीला तू येशील तेव्हा सोबत घेऊन जा. विमानाचा खर्च बराच येतो हे मान्य, तिकडं गेल्यावर कुत्र्याचा टॅक्स पण असतो म्हणे. तुम्हा दोघांचं बोलून नाहीच म्हणायचं ठरलं तर मी रागावणार नाही, मग आपण दोघं मिळून त्याचं घर शोधू, पण दोन महिन्यांच्या घाईत नाही आणि फोनवर नाही. मला ठेवता आला तर मीच ठेवला असता कायमचा, पण गल्लीतली तीन आधीच माझ्या दारात आहेत आणि तिघांत ब्रूनोला कायम जमेल का हे मला बघितल्याशिवाय सांगता येत नाही, तुला खोटं आश्वासन देत नाही.

जाहिरातीवर आतापर्यंत जे फोन आले असतील त्यांना "दिला" म्हणून सांग, वाद घालत बसू नकोस. कुणी आज रात्रीच गाडी घेऊन येतो म्हणत असेल तर पत्ता देऊ नकोस, देऊन झाला असेल तर वॉचमनला सांगून ठेव.

पुढच्या शनिवारी मी कार घेऊन निघतो, सकाळी पाचला, म्हणजे दहा-साडेदहापर्यंत तुझ्याकडं. त्याला सकाळी जास्त खायला घालू नकोस, गाडीत उलटी करेल. लसीचं पुस्तक काढून ठेव, तो कुठल्या डॉक्टरकडं जातो त्यांचा नंबर लिहून ठेव, त्याच्या खाण्याचं पोतं अर्धं असलं तरी दे, एकदम खाणं बदललं की पोट बिघडतं. आणि ती चादर दे. वहिनींना सांग धुऊ नका, त्याच्या अंगाचा आणि तुमच्या घराचा वास आहे तसाच राहू दे.

तुझा,
बाळ्या